ढोली, सांदवाडी आणि चूल

पंचांगात नववर्ष चैत्र शुद्ध प्रतिपदेला उजाडत असले, सरकारी दप्तरात ते 1 एप्रिलपासून मोजले जात असले आणि व्यापाऱ्यांच्या चोपड्या दिवाळीच्या लक्ष्मीपूजनाला बदलत असल्या, तरी भंडारा जिल्ह्यातील धान पिकविणाऱ्या कुटुंबाच्या प्रपंचाचे खरे वर्ष ज्या दिवशी हलक्या धानाचा पहिला भारा बांधीतून उचलला जातो त्याच दिवशी सुरू होते, असे माझे मत आहे. त्या दिवसापासून पुढच्या दीड-दोन महिन्यांत घरात जे साठविले जाईल, परसात जे पेरले जाईल आणि चुलीवर जे शिजविण्याची सवय लावून घेतली जाईल, त्यावर पुढच्या आषाढ-श्रावणात त्या घराला कुणापुढे हात पसरावा लागेल की नाही हे ठरते. काटकसर म्हणजे खर्चाच्या वेळी हात आखडणे, अशी जी सर्वसाधारण समजूत आहे ती नगदी पगारावर चालणाऱ्या घरापुरती कदाचित खरी असेल. परंतु वैनगंगेच्या खोऱ्यातली काटकसर ही मुळात वेळेची काटकसर आहे, आणि तिचा हंगाम शरदाचा आहे.

हा मुलूख मुळात पाण्याचा आणि धानाचा. वर्षाकाठी 1300 मिलिमीटरच्या आसपास पडणारा पाऊस अडवून धरण्यासाठी कोहळी समाजातील कर्त्या पुरुषांनी पिढ्यानपिढ्या तलाव बांधले. मालगुजारी नष्ट झाल्यावर ते माजी मालगुजारी तलाव, म्हणजे लोकांच्या तोंडी 'मामा तलाव', या नावाने ओळखले जाऊ लागले. 1999 साली गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तेव्हा त्यांतले पुष्कळसे तलाव त्या बाजूला गेले, तरी साकोली, लाखनी, लाखांदूर, पवनी या भागांत आजही गावाची वाट तलावाच्या पाळीवरूनच जाते. कन्हार, मोरांड, सिहार, खरडी, बरडी अशी इथल्या जमिनीची प्रतवारी जुन्या जमाबंदीच्या कागदांत आढळते. त्या प्रतीप्रमाणे कुठे हलका, कुठे मध्यम आणि कुठे भारी धान लावायचा हे ठरते. हलका धान दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास घरात येतो, भारी धान त्यानंतर महिना-दीड महिन्याने. म्हणजे निसर्गानेच या घरांना उत्पन्न दोन हप्त्यांत देण्याची तजवीज करून ठेवलेली आहे. शहाणे घर पहिल्या हप्त्यावर दिवाळी साजरी करते आणि दुसऱ्याला हात लावण्यापूर्वी बसून हिशेब करते.

हा हिशेब माझ्या आजीला मी करताना पाहिला आहे. तिला अक्षरओळख नव्हती. आमच्या घराच्या माजघरात बांबूच्या तट्ट्यांची, शेणमातीने आतून-बाहेरून लिंपलेली, पुरुषभर उंचीची ढोली होती. तिचे वरचे तोंड भरण्यासाठी आणि खाली बुडाशी एक लहानसे भोक काढण्यासाठी असे, आणि त्या भोकात तणसाचा बोळा घट्ट कोंबून त्यावर माती थापलेली असे. मळणी झालेला धान अंगणात उन्हाला पसरला की आजी दर सायंकाळी चार दाणे दाताखाली धरी. दाणा दबला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा ऊन. 'कट्' असा आवाज करून तुटला तर धान ढोलीत जाण्यास योग्य. धान्याची ओल 14 टक्क्यांच्या वर राहिली की त्यात बुरशी आणि किडे माजतात, असे शेतकी खात्याची पुस्तके सांगतात. आजीच्या दाढेला ती मर्यादा पुस्तकावाचून कळत होती. धान भरताना मधूनमधून कडुनिंबाचा वाळलेला पाला ती पसरी, आणि प्रत्येक पायलीमागे शेजारच्या भिंतीवर कोळशाने एक उभी रेघ ओढी. चार रेघा झाल्या की पाचवी आडवी. ढोली भरून झाल्यावर ती त्या रेघांसमोर बसे आणि बोटांच्या पेरांवर वाटे पाडू लागे.

वाटे पाडण्याचा क्रम ठरलेला होता, आणि माझ्या मते गृहव्यवस्थेचे सगळे शास्त्र त्या क्रमात आहे. पहिला वाटा बियाण्याचा, आणि तो निराळ्या मडक्यात लगेच बंद होई. दुसरा वर्षभराच्या खाण्याचा. तिसरा बलुत्याचा आणि मजुरीचा, कारण त्या काळी न्हावी, सुतार, लोहार यांचे देणे नक्त नसून ऐनजिनसी होते. चौथा सणांचा, पाहुण्यांचा आणि अडल्यानडल्याचा. या चारांतून जे उरेल तेवढेच विक्रीला. आज आपण मिळकत आधी नगदीत करतो आणि मग त्या नगदीतून एकेक गरज विकत घेत जातो. तिथे क्रम उलटा होता, गरजा आधी जिनसीत वेगळ्या काढून मगच बाजाराकडे पाहिले जाई. विक्रीचा वाटा शेवटचा असल्यामुळे व्यापाऱ्याने भाव पाडला तरी घराचे ताट पडत नसे.

हाच हिशेब आजच्या मापांत मांडून पाहू. पाच माणसांच्या घरात दोन्ही वेळचा मिळून दररोज दीड किलो तांदूळ शिजतो असे धरले, तर वर्षाला सुमारे 548 किलो तांदूळ लागेल. सरकारी भरडाईत शंभर किलो धानामागे 67 किलो तांदूळ गिरणीकडून परत घेतला जातो. तेच प्रमाण धरले तर घरात सुमारे 817 किलो, म्हणजे सव्वाआठ क्विंटलांना थोडासा कमी, धान राखून ठेवावा लागेल. एकरी रोवणीसाठी 16 ते 20 किलो बियाणे निराळे. रेशनचे धान्य ज्या घराला मिळते त्याने तेवढे वजा करावे. 2024-25 च्या हंगामात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला 2300 रुपये होता. त्या भावाने राखून ठेवलेल्या धानाची किंमत 18 हजार 800 रुपयांच्या आसपास येते. एवढी रक्कम दिवाळीच्या तोंडावर एकदम हातात यावी, हा मोह लहान नव्हे.

आमच्याच घरात एका वर्षी त्या मोहाला बळी पडण्याचा प्रसंग आला. थोरल्या आत्याचे लग्न मार्गशीर्षात ठरले होते, आणि माझ्या वडिलांनी आजीच्या इच्छेविरुद्ध खाण्याच्या वाट्यातला निम्मा धान कार्तिकातच विकला. सगळीकडचा धान एकाच वेळी बाजारात उतरत असल्यामुळे कार्तिकातला भाव वर्षातला सर्वांत खालचा असतो, ही गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती असे नाही. परंतु मांडवाचा खर्च समोर उभा होता. ढोलीचे वरचे तोंड त्या दिवशी उघडेच राहिले, आणि आजी एवढेच म्हणाली, "बापू, भरण्याचं तोंड आन् काढण्याचं तोंड एका दिवशी खोलू नोको." पुढच्या आषाढात, रोवणीच्या ऐन धामधुमीत, ढोली रिकामी झाली. गावातल्या एका सधन घरून दोन खंड्या धान सवाईने आणावा लागला. म्हणजे आषाढात एक खंडी न्यायची आणि मार्गशीर्षात सव्वा खंडी परत करायची. पाच महिन्यांत चौथा हिस्सा वाढ, हा व्याजदर वर्षाला 60 टक्के पडतो. दिढीने आणला असता तर त्याच्या दुप्पट. शिवाय धान परत करायचा तो मार्गशीर्षात, म्हणजे पुढच्या वर्षाच्या ढोलीतून. अशा रीतीने एका कार्तिकातली घाई दोन आषाढांवर उमटली. वडिलांनी नंतर आयुष्यभर खाण्याचा धान विकला नाही, आणि ते या गोष्टीविषयी कधी बोललेही नाहीत.

ढोली ही प्रपंचाची एक बाजू झाली. दुसरी बाजू घराच्या मागच्या सांदवाडीत आहे, आणि तिचाही हंगाम हाच.

सांदवाडी म्हणजे घराच्या पिछाडीला कुडाच्या कुंपणात असलेली दोन-अडीच गुंठ्यांची जागा. पावसाळ्यात तिथे काकडी, दोडका, लवकी, डांगर यांचे वेल मांडवावर आणि छपरावर चढलेले असतात. आश्विन सरता सरता त्यांचा भर ओसरतो, जमिनीतली ओल अजून टिकून असते, दिवसाचे ऊन कडक पण रात्री गार होऊ लागलेल्या असतात. या संधिकाळात थोडे चुकले तरी सगळे हिवाळी पीक बिघडते. मेथी, पालक आणि सांबार, ज्याला पुण्याकडे कोथिंबीर म्हणतात, ही उष्णतेत फार लवकर तुऱ्यावर येणारी पिके असल्यामुळे आश्विनाच्या उन्हात घाईने पेरली तर पाने कमी आणि बी लवकर; आणि मार्गशीर्षापर्यंत लांबविली तर थंडीत उगवण संथ होऊन भाजी हाती येईपर्यंत निम्मा हिवाळा निघून जातो. म्हणून दिवाळीच्या आगेमागे पेरणी. सांबाराचा जो दाणा आपण एक समजतो त्यात वस्तुतः दोन बिया असतात. तो दाणा पाटावर हलकेच रगडून दुभंगून पेरला की तेवढ्याच बियाण्यात जवळजवळ दुप्पट रोपे मिळतात. आजी ते बी पायातल्या जुन्या चपलेच्या तळव्याने रगडी, रात्रभर भिजवून सकाळी राखेत घोळी, म्हणजे ओले बी बोटांना चिकटत नसे आणि मातीवर कुठे पडले तेही दिसत असे.

एक लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की ती सगळे बी एका दिवशी कधीही पेरत नसे. वाफ्याचे चार तुकडे करून दर आठ-दहा दिवसांनी एक तुकडा पेरायचा, म्हणजे मेथी एकदम सगळी तयार होऊन शेजाऱ्यांच्या घरी वाटत बसावी लागत नाही आणि पुढे महिनाभर विकत आणावीही लागत नाही. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पहिला तुकडा खुडायला येतो, तो संपतो तोवर दुसरा. मुळ्याला दीड महिना लागतो. पालकाचे एकेक पान मोडत गेल्यास तोच वाफा तीन-चार वेळा देतो. लसणाच्या पाकळ्या कार्तिकात लावल्या की चार-साडेचार महिन्यांनी गड्डे हाती येतात, पण मधल्या काळात त्याची हिरवी पात भेदऱ्यांच्या, म्हणजे टोमॅटोच्या, चटणीला पुरते. जमाखर्चाच्या वहीत जसे देण्याचे हप्ते पाडतात, तसे तिने मिळण्याचे हप्ते पाडलेले होते.

कुंपणावरचा पोपट, म्हणजे ज्या वालाच्या हिरव्या शेंगा विदर्भात थंडीभर आवडीने खाल्ल्या जातात तो वेल, मात्र मृगातच लावलेला असे. नवख्या माणसाला वाटते की श्रावण-भाद्रपदात एवढा पसरून एकही फूल न देणारा हा वेल वांझ आहे, आणि पुष्कळ जण तो उपटून टाकतात. वस्तुतः या वेलाला फुलण्यासाठी दिवस लहान होण्याची वाट पाहावी लागते; आश्विनानंतर रात्र वाढू लागली की तो एकाएकी जांभळ्या-पांढऱ्या तुऱ्यांनी भरतो, आणि पौषात त्याच्या शेंगा मीठ घालून उकडलेल्या मडक्याभोवती सगळे घर बसते. फुटकळ वाटणाऱ्या वेलीला चार महिने सांभाळून ठेवण्याचा हा धीर शरदातल्या बागकामाचा अर्धा भाग आहे.

पाणी आणि खत यांच्यासाठी पैसा खर्च होत नसे. न्हाणीचे आणि भांडी घासल्याचे पाणी एका चराने धोप्याच्या, म्हणजे अळूच्या, आणि केळीच्या आळ्यात जाई; त्या काळी भांडी राखेने घासली जात असल्यामुळे त्याने अपाय नव्हता, आज साबणाचे पाणी असेल तर ते पालेभाजीपासून दूरच ठेवावे. मावा पडलेल्या वालावर सकाळच्या दवात चुलीची चाळलेली राख उधळली जाई. मळणीनंतरचे तणस गुरांच्या दावणीला जाई, गुरांखाली तुडवलेले उकिरड्यात, आणि गेल्या वर्षीचा उकिरडा वाफ्यात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, 1942 साली, सरकारने 'अधिक धान्य पिकवा' ही मोहीम काढली आणि शहरांतील बंगल्यांच्या हिरवळी नांगरण्याचे आवाहन झाले, तेव्हा झाडीपट्टीतल्या, म्हणजे आमच्या या धानाच्या मुलखातल्या, बायकांना त्यात नवे काही वाटले नसावे.

या हंगामातील सर्वांत स्वस्त पेरणी मात्र सांदवाडीत होत नाही, ती उभ्या धानात होते. धान कापणीला दहा-पंधरा दिवस राहिले असता, बांधीत अजून ओल आहे तोवर, लाखोळी, जवस किंवा हरभऱ्याचे बी उभ्या पिकात फेकले जाते. धान कापून नेला की खाली त्याच चिखलात कोवळे अंकुर उभे असतात. याला उतेरा म्हणतात. नांगर नाही, पाणी नाही, खत नाही. उरलेली ओल वाया जाऊ द्यायची नाही एवढाच या पेरणीचा हेतू, आणि त्यातून वर्षाच्या डाळीचा मोठा भाग निघतो. बांधीच्या धुऱ्यावर पावसाळ्यातच लावलेली तूर असते ती वेगळी.

लाखोळीविषयी मात्र सावधपणे लिहिले पाहिजे. या डाळीतील एका विषारी द्रव्यामुळे, तीच ती महिनोन्महिने मुख्य अन्न म्हणून खाल्ल्यास, पायांना कायमचा लुळेपणा येतो. मध्य भारतात दुष्काळाच्या वर्षांत, मजुरी म्हणून लाखोळीच पदरात पडणाऱ्या गरीब शेतमजुरांत, हा विकार आढळत असे. 1961 साली तिच्या विक्रीवर बंदी आली. ती उठावी म्हणून नागपूरच्या डॉ. शांतिलाल कोठारी यांनी दीर्घकाळ झुंज दिली, आणि महाराष्ट्रात 2008 साली बंदी उठली. जुन्या सुगरणी ही डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकून देत, आणि रोज लाखोळी न शिजविता तूर, हरभरा यांच्या पाळीत तिला बसवीत. विषाचे प्रमाण कमी होण्यास या दोन्ही गोष्टींचा उपयोग होतो. दुष्काळात ज्यांना दुसरी डाळ मिळतच नव्हती त्यांच्यापाशी ही पाळी बसविण्याची सोय नव्हती. म्हणून स्वस्त अन्नाचे गुणगान करताना ते अन्न कोणी आणि किती लाचारीने खाल्ले हेही सांगितले पाहिजे, असे मला वाटते.

आता चूल. कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' 1970 साली प्रसिद्ध झाले आणि वाटी-चमच्याच्या मापाने मराठी नवविवाहितेला स्वयंपाकाचा धीर आला, ही त्या पुस्तकाची मोठी कामगिरी आहे. तरी झाडीपट्टीच्या घरातील स्वयंपाकाची रीत त्या मापांहून निराळी आहे, कारण इथे पदार्थ ठरवून जिन्नस गोळा केले जात नाहीत, जिन्नस पाहून पदार्थ ठरतो. धान सडल्यावर अखंड तांदूळ भातासाठी, तुटलेली कणी वेगळी पाखडून सकाळच्या कण्यांसाठी, कोंडा गाईला; भात शिजला की वरची पेज पसवून त्यात मीठ आणि ठेचलेला लसूण घालून आधी मुलांना आणि आजाऱ्याला. पेज ओतून दिली तर तांदळातले पाण्यात विरघळणारे सत्त्व ओतून दिले जाते, हे आहारशास्त्र सांगते. या घरांत ती कधीच ओतून दिली गेली नाही.

कार्तिकात सांदवाडीतली शेवटची वांगी आणि तलावातले वाळवलेले झिंगे यांची भाजी होते. ढिवर बाया तलावातले शिंगाडेही याच दिवसांत विकायला आणतात, आणि बदल्यात पुष्कळदा धानच घेतात. धोप्याची उरलेली पाने थंडीने मरगळण्यापूर्वी वड्यांत जातात. छपरावर पिकलेला कोहळा मात्र थंडी पक्की पडेपर्यंत तसाच ठेवतात, आणि मग तो किसून, पाणी पिळून, भिजवून वाटलेल्या उडदाच्या डाळीत मिसळून त्याच्या वड्या धाब्यावर वाळत घालतात. या वड्या पहिल्या दोन दिवसांच्या उन्हात वरून कडक होतात पण आत ओल्याच असतात; तेव्हाच उचलून डब्यात भरल्या तर आठवड्यात त्यांना वास येतो. चार-पाच उन्हे पुरी दाखविली, प्रत्येक वडी उलटून बुडाशीही ऊन लागू दिले, की त्या पावसाळा काढतात. ज्या आषाढात सांदवाडीत अजून काही नसते आणि बाजारात भाजीचा भाव चढलेला असतो, त्या दिवसांत चार वड्या तेलावर परतून लाल रश्शात टाकल्या की पाच माणसांचे कालवण होते. त्या रश्शाची किंमत मार्गशीर्षातल्या एका कोहळ्याएवढी आणि पाच दिवसांच्या राखणीएवढी.

आज भंडारा, तुमसर किंवा नागपूरच्या सदनिकेत राहणाऱ्या वाचकाने ढोली बांधावी असे मी म्हणणार नाही. परंतु वर्षाचा तांदूळ नव्या हंगामात, गावच्या शेतकऱ्याकडून, भाव उतरलेला असताना एकदम घेऊन नीट वाळवून ठेवणे त्याला शक्य आहे. त्यासाठी लागणारी रक्कम पाहता, पगारातून भाद्रपदापासूनच थोडी थोडी बाजूला काढावी लागेल. गच्चीवरच्या चार कुंड्यांत एकदम न पेरता आठवड्याच्या अंतराने मेथी पेरता येईल. आणि महिन्याच्या पहिल्या तारखेला जमाखर्चाची वही उघडताना आधी वर्षाच्या गरजा बाजूला काढून उरलेल्या रकमेतून खर्चाचा विचार करता येईल. हा क्रम एवढा साधा आहे की तो पाळायला चार वर्षे लागतात, माझ्या घरात तरी लागली.

आजी गेली त्या वर्षीच्या ज्येष्ठात मी सुट्टीवर घरी होतो. मृगाचा पाऊस पडून गेला होता, पऱ्ह्याची तयारी सुरू झाली होती, आणि तिने मला ढोलीच्या बुडाशी बसवून तणसाचा बोळा काढायला सांगितला. पहिल्याने धान सरसरत सुपात आला, मग थांबला. तेव्हा तिने भोकातून कोपरापर्यंत हात आत घातला आणि बुडाचा धान बोटांनी ओढून ओढून काढला. पायलीने मोजला तेव्हा अडीच पायल्या भरल्या. भिंतीवरच्या रेघांकडे तिने एकदा पाहिले, पदराने त्यांतली शेवटची रेघ पुसली, आणि हा धान आजच सडून ठेवा, रोवणीच्या पहिल्या दिवशी बांधीत येणाऱ्या बायांना यातलाच भात घालायचा आहे, असे आईला सांगून ती हात धुवायला गेली.